शस्त्रक्रिया रुग्णालयात, शुश्रूषा घरात : मुलांच्या अग्रत्वचेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा आढावा

लहान मुलाच्या शिश्नाच्या टोकावरील कातडीची शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. सकाळी दाखल केलेला मुलगा संध्याकाळी घरी येतो. पुढचे दहा-पंधरा दिवस तो आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या हाती असतो. या दिवसांत काय करावे याबद्दल त्यांना मिळणारे सल्ले मात्र एकसारखे नसतात. एक रुग्णालय दुसऱ्याच दिवशी आंघोळ घाला म्हणते, तर दुसरे आठवडाभर पाणी लागू देऊ नका म्हणते. कोणी मलम देते, कोणी काहीच लावू नका म्हणते. औषध नियमित द्यायचे की दुखले तरच, यावरही दोन मते आहेत.

या सल्ल्यांमागे कोणता विचार आहे, कशाला पुराव्याचा आधार आहे आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, ते येथे क्रमाने मांडले आहे. एखाद्या मुलाला त्याच्या शल्यविशारदाने दिलेल्या सूचना या लेखाच्या आधी येतात.

१. पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेच्याच दिवशी मुलाला घरी पाठवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्लासगो येथील शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये सुमारे नऊ हजार बाल-शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. त्यांनी ही मुले वॉर्डात न ठेवता घरी पाठवली होती. लहान मुलाची शुश्रूषा आईच सर्वांत चांगली करते आणि तान्ह्या मुलाला आईपासून तोडणे अपायकारक असते, असे त्यांचे म्हणणे होते. निकोल यांच्या पद्धतीचे आणखी एक अंग होते : परिचारिका या मुलांच्या घरी जाऊन जखम पाहत आणि आईला समजावून सांगत.

पुढे सुरक्षित भूल आणि आपोआप विरघळणारे टाके आले. त्यामुळे ही पद्धत जगभर रुळली आणि आज आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावांतही अशा शस्त्रक्रिया मुलाला दिवसभरापुरते दाखल करून होतात. घरी जाणारी परिचारिका मात्र बहुतेक ठिकाणी या व्यवस्थेतून गळून गेली. तिच्या जागी छापील कागद आला किंवा निघताना दोन मिनिटांत दिलेल्या तोंडी सूचना आल्या. घरच्या काळजीवरच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथे आहे.

२. शस्त्रक्रिया एक नव्हे, अनेक

कातडी मागे सरकत नाही म्हणजे दोष आहे, हा समज आता मागे पडला आहे. डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ मध्ये दाखवले की जन्मतः जेमतेम चार टक्के मुलांची अग्रत्वचा पूर्ण मागे जाते, कारण ती आतून शिश्नमुंडाला चिकटलेली असते. तीन वर्षांपर्यंत नव्वद टक्के मुलांमध्ये ती सुटते, असेही त्यांनी म्हटले होते. हा वेग नंतरच्या अभ्यासांना फार जास्त वाटला. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी सुमारे दोन हजार शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी आठ टक्क्यांत अरुंद त्वचा आढळली, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ती एक टक्काच उरली होती. थोडक्यात, बहुतेक मुलांच्या बाबतीत वाट पाहणे हाच उपचार ठरतो.

जिथे उपचार लागतो तिथेही पहिली पायरी बहुधा मलमाची असते. सौम्य प्रमाणातले स्टेरॉइड मलम चार ते आठ आठवडे लावल्यास अनेक मुलांची त्वचा सैल होते, असे २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात बारा चाचण्या एकत्र तपासून दिसले. वारंवार जंतुसंसर्ग, मागे गेलेली कातडी अडकून बसणे, किंवा कातडी पांढुरकी, कडक आणि व्रणयुक्त करणारा लायकेन स्क्लेरोसस हा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. धार्मिक कारणाने होणारी सुंता हा वेगळा प्रवाह आहे. महाराष्ट्रातील मुस्लिम कुटुंबांत आणि कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजात ती परंपरेने होते. बेने इस्रायल कुटुंबांत ती जन्मानंतर आठव्या दिवशी करण्याची रीत आहे.

घरच्या काळजीसाठी कोणती शस्त्रक्रिया झाली हे कळणे फार महत्त्वाचे आहे. सुंतेत कातडी काढून टाकलेली असते आणि शिश्नमुंड उघडे राहते. प्रेप्युशियोप्लास्टीत कातडी ठेवून तिचे अरुंद तोंड मोठे केलेले असते. काही वेळा फक्त आतली चिकटण सोडवलेली असते. तान्ह्या बाळांत कधी प्लास्टिकची कडी बसवतात आणि ती काही दिवसांनी गळून पडते. शेजारच्या मुलाला सांगितलेले पथ्य आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही, याचे कारण हेच. रुग्णालयातून निघताना पालकांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा : नेमके काय केले?

३. वेदना : जिथे एकमत सर्वांत जास्त आहे

शस्त्रक्रियेच्या वेळी शिश्नाच्या मुळाशी किंवा पाठीच्या तळाशी बधिरतेचे इंजेक्शन दिलेले असते. त्यामुळे घरी येताना मुलगा हसत-खेळत असतो आणि पालकांना वाटते की याला काही दुखतच नाही. साधारण चार ते आठ तासांत बधिरता उतरते आणि रात्री दुखू लागते. म्हणून औषधाचा पहिला डोस बधिरता उतरण्याआधीच द्यावा, यावर आता जवळपास सर्वांचे एकमत आहे.

मतभेद आहे तो पुढच्या डोसांबद्दल. एका बाजूचे म्हणणे असे की पहिले दोन-तीन दिवस घड्याळ पाहून औषध द्यावे, कारण दुखणे वाढल्यावर ते आवरणे अवघड जाते. दुसरी बाजू म्हणते, गरज नसताना औषध का द्यायचे? टॉन्सिल आणि इतर बाल-शस्त्रक्रियांवरील अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे : मुलाला दुखत असल्याचे ओळखूनही पालक सांगितल्यापेक्षा कमी औषध देतात. सवय लागेल किंवा अपाय होईल ही भीती त्यामागे असते. वेळापत्रक ठरवून दिले की औषध जास्त नियमाने दिले जाते. दुखणे त्यामुळे किती कमी होते, याचे निष्कर्ष मात्र सगळीकडे सारखे नाहीत. तरीही बहुतेक बालरोग केंद्रे आज पहिले ४८ तास नियमित औषधाच्या बाजूने आहेत.

पॅरासिटामॉल हे पहिले औषध. एका वेळी मुलाच्या वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत, हे नेहमीचे प्रमाण आहे. तान्ह्या बाळासाठी मात्र डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण पाळायचे. घरात चूक होते ती बहुधा मापात. आपल्याकडे या औषधाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. पंधरा किलोच्या मुलाला २२५ मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ९ मिलिलिटर लागतात आणि २५० मिलिग्रॅमवाल्याचे साडेचारच. ‘एक चमचा द्या’ ही सूचना म्हणूनच अपुरी ठरते. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावेत आणि औषध मापाच्या सिरिंजने द्यावे.

आयबुप्रोफेनची जोड दिल्यास आराम वाढतो. काही शल्यविशारद रक्तस्रावाच्या शंकेने पहिला दिवस ते टाळतात, तर काही सुरुवातीपासून देतात. दोन्ही औषधे एकत्र असलेली सिरपही बाजारात आहेत. त्यावर वेगळे पॅरासिटामॉल दिले तर नकळत दुप्पट डोस जातो.

काही औषधांबद्दल वाद उरलेला नाही. ॲस्पिरिन मुलांना देत नाहीत. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. कोडीन आणि ट्रॅमाडॉल बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ठरवले, कारण काही मुलांच्या शरीरात या औषधांचे रूपांतर फार वेगाने होऊन श्वास मंदावतो. बधिरता आणणाऱ्या लिग्नोकेन जेलीबाबत मात्र मते वेगवेगळी आहेत. आराम पडतो हे खरे, पण कच्च्या जखमेतून ती रक्तात शोषली जाते. म्हणून डॉक्टरांनी मोजून दिली तरच वापरावी.

मुलाचे दुखणे ओळखायचे कसे, यासाठी कॅनडात १९९६ मध्ये पालकांकरिता पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात रडण्याइतकेच महत्त्व वागण्यातल्या बदलांना आहे : नेहमीपेक्षा कमी खेळणे, कमी खाणे, दुखऱ्या जागेला हात लावू न देणे, सारखे बिलगून राहणे. मुकाट पडून असलेल्या मुलालाही दुखत असू शकते, हे ती शिकवते.

४. पट्टी, पाणी आणि मलम : जिथे पुरावा तुटपुंजा आहे

पट्टीबाबत दोन परंपरा आहेत. पट्टीमुळे रक्तस्राव दबतो आणि जखम कपड्याला घासत नाही, असे एक मत आहे. दुसरे मत असे की या जागी पट्टी टिकत नाही, लघवीने भिजते आणि काढताना मुलाला सर्वांत जास्त रडवते. अनेक केंद्रे आता पट्टी करतच नाहीत, किंवा पहिल्या दिवसापुरती करतात. चिकटलेली पट्टी ओढून काढू नये. कोमट पाण्यात भिजवून ती आपोआप सुटू द्यावी, हे मात्र सर्वांनाच मान्य आहे.

पाण्याबाबतचे मतभेद याहून जास्त आहेत. जुना सल्ला जखम कोरडी ठेवण्याचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आठशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर टाके लवकर भिजू दिले तरी जंतुसंसर्ग वाढला नाही. ती चाचणी या अवयवावर किंवा लहान मुलांवर नव्हती, म्हणून तिचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही एक-दोन दिवसांनी कोमट पाण्याची साधी आंघोळ घालावी, याकडे आज अधिक कल आहे. मतभेद उरतो तो टबात किती वेळ बसवायचे याचा. जास्त वेळ भिजल्यास टाके लवकर सुटतील, अशी काहींना काळजी वाटते, तर पाण्यात बसल्याने खपल्या मऊ होतात आणि लघवी करताना आग कमी होते, असा इतरांचा अनुभव आहे. आपल्याकडे टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल, तर पाणी उकळून कोमट करून घेणे बरे. साबण जखमेवर चोळू नये. पुसताना कापड हलकेच टेकवून ओल टिपावी.

मलमांच्या बाबतीत पेट्रोलियम जेलीला सर्वांत जास्त पाठिंबा आहे. ती औषध म्हणून काम करत नाही. जखम कपड्याला चिकटू नये एवढेच ती पाहते, आणि सुंतेनंतर उघड्या शिश्नमुंडाला तेवढेच हवे असते. इराणमधील एका चाचणीत दोन वर्षांखालील मुलांना सुंतेनंतर असे स्निग्ध लेपन केल्यावर मूत्रद्वार आकसण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले. त्याला इतर ठिकाणी मोठ्या चाचण्यांची पुष्टी अजून हवी आहे. अँटिबायोटिक मलम सर्रास देण्याची पद्धत मात्र प्रश्नांकित आहे. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर त्याचा फारसा फायदा दिसत नाही आणि निओमायसिनसारख्या औषधांची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकचेही तसेच. जंतुसंसर्गाची लक्षणे नसताना त्यांची गरज सहसा पडत नाही.

हळद, राख, टाल्कम पावडर, पाणी न मिसळलेले डेटॉल या घरगुती उपायांपासून या जागी दूर राहावे. पावडरीचे आणि राखेचे कण जखमेत रुततात. डेटॉलने नाजूक त्वचा भाजते.

५. कातडी मागे घ्यायची का?

सुंता झालेल्या मुलासाठी हा प्रश्न उरत नाही. प्रेप्युशियोप्लास्टी किंवा चिकटण सोडवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलासाठी तोच सर्वांत अवघड असतो. कातडी हलवली नाही तर कच्चे पृष्ठभाग पुन्हा चिकटतात आणि तोंड पुन्हा अरुंद होऊ शकते. घाईने हलवली तर मूल कळवळते, टाके ताणतात आणि मुलाच्या मनात धास्ती बसते. काही शल्यविशारद दोन-तीन दिवसांतच आंघोळीच्या वेळी सुरुवात करायला सांगतात, तर काही सूज उतरेपर्यंत आठवडाभर थांबतात. कोणती वेळ उत्तम, याचा निर्णायक पुरावा नाही. समजत्या वयाच्या मुलाने हे काम कोमट पाण्यात स्वतःच्या हाताने करावे, याला मात्र पाठिंबा वाढतो आहे.

एक नियम सर्व पक्षांना मान्य आहे : मागे घेतलेली कातडी प्रत्येक वेळी पुढे आणलीच पाहिजे. ती मागेच राहिली तर आवळून सूज येते आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. शस्त्रक्रिया न झालेल्या बाळाची कातडी मालिश करताना तेल लावून जोराने मागे ओढण्याची रीत आपल्याकडे अजून काही घरांत आहे. तिने बारीक चिरा पडतात आणि व्रण धरून खरोखरीचा आकुंचनदोष होऊ शकतो. ती थांबवण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांत मतभेद नाही.

६. कपडे, शाळा, खेळ

सैल सुती चड्डी, लुंगी किंवा लांब सदरा पुरतो. घरात थोडा वेळ काहीही न घालता राहिले तरी चालते. डायपर लावणाऱ्या बाळाचा डायपर लवकर-लवकर बदलावा आणि आत पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. शाळेत साधारण आठवड्याने जाता येते. सायकल, कुस्ती, पोहणे यांसाठी दोन ते चार आठवडे थांबायला सांगतात. हे आकडे मुख्यतः अनुभवावर ठरलेले आहेत, म्हणूनच ते रुग्णालयागणिक बदलतात.

७. नेहमीचे काय, धोक्याचे काय

घरच्यांची सर्वांत मोठी घबराट जखमेच्या रूपाबद्दल असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढते. रंग लाल-जांभळा दिसतो. शिश्नमुंडावर पिवळसर साय धरते. ती बहुधा पू नसून भरून येणाऱ्या जखमेचा स्राव असतो आणि खरवडून काढायची नसते. चड्डीवर रक्ताचा एखादा ठिपका पडतो. टाके दोन-तीन आठवड्यांत गळतात. हे सगळे अपेक्षित आहे.

रक्त वाहू लागले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येच उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून अडीचशे मिलिलिटरच्या आसपासच रक्त असते, म्हणून तान्ह्या बाळाच्या डायपरवर वाढत जाणारा डाग कधीही हलक्याने घेऊ नये. लालसरपणा पोटाकडे किंवा मांडीकडे पसरणे, दुर्गंधी, १००.४ अंश फॅरनहाइटवर ताप, आठ-बारा तास लघवी न होणे, शिश्नमुंड काळसर पडणे, दुखणे कमी होण्याऐवजी दिवसागणिक वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कडी बसवली असेल आणि ती दहा दिवसांत पडली नाही किंवा मागे सरकली, तरीही तेच करावे.

काही त्रास उशिरा येतो. सुंतेनंतर काही महिन्यांनी लघवीची धार बारीक होणे, वर उडणे, जोर लावावा लागणे ही मूत्रद्वार आकसल्याची चिन्हे असतात. हे किती मुलांत होते यावर अभ्यासांत मोठी तफावत आहे : कुठे एक टक्क्याहून कमी, कुठे वीस टक्क्यांच्या घरात. मुलांचे वय, शस्त्रक्रियेची रीत आणि ‘आकसणे’ कशाला म्हणायचे याची व्याख्या, सगळेच वेगळे असल्याने असे होते. एकूण गुंतागुंतीबाबत २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात तान्ह्या बाळांमध्ये मध्यक प्रमाण १.५ टक्के आणि मोठ्या मुलांमध्ये ६ टक्के आढळले. त्यातल्या बहुतेक तक्रारी किरकोळ होत्या.

८. मुलगा स्वतः

वैद्यकीय लिखाणात सर्वांत कमी जागा मिळते ती मुलाच्या मनाला. काही घरांत लाजेने ही शस्त्रक्रिया लपवली जाते आणि मुलालाही दुसरेच काही सांगितले जाते. काही घरांत ती समारंभाने होते, नातेवाईक येतात, कौतुक होते, आणि त्या गर्दीत मुलाला आपली जखम चारचौघांपुढे उघडी पडल्यासारखी वाटू शकते. सणासारख्या वातावरणाने मुलाला धीर येतो, असेही अनेक कुटुंबे सांगतात आणि ते खोटे नाही. बाल-मानसतज्ज्ञांचा सल्ला दोन्हीकडे सारखाच आहे : वयाला साजेशा शब्दांत आधीच खरे सांगावे, ‘दुखणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये आणि जखम कोण पाहणार हे मुलाला विचारून ठरवावे. शूची जागा पाहायला आई चालेल की बाबा, हे पाच वर्षांचे मूलही सांगू शकते.

९. काय ठरले, काय उरले

वेदनेचे औषध वेळेवर आणि वजनानुसार द्यावे, बळाने काही ओढू किंवा खरवडू नये, आणि धोक्याची लक्षणे आधीच माहीत असावीत, एवढे ठरले आहे. पट्टी किती दिवस, आंघोळ कधी, पेट्रोलियम जेली मूत्रद्वाराचे रक्षण करते का, कातडी कोणत्या दिवसापासून हलवावी, हे प्रश्न उघडे आहेत. यांची उत्तरे देण्याजोग्या चाचण्या अवघड नाहीत. शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात आणि निरीक्षणाचा काळ छोटा असतो. विषय किरकोळ मानला जातो, म्हणून या चाचण्या मागे राहतात.

या उघड्या प्रश्नांवर दोन डॉक्टरांचे उत्तर वेगळे आले, तरी मुलाचे सहसा नुकसान होत नाही. नुकसान होते ते ठरलेल्या गोष्टी घरापर्यंत न पोहोचल्याने : सिरपचे माप चुकते, रात्री औषध दिले जात नाही, पिवळी साय खरवडली जाते, रक्ताचा डाग सकाळपर्यंत बघत राहतात. म्हणून या क्षेत्रातली सर्वांत तातडीची सुधारणा नव्या मलमाची नाही. कोणती शस्त्रक्रिया झाली, औषध किती मिलिलिटर, पुढची वेळ कोणती, कोणती लक्षणे दिसली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे मराठीत लिहिलेला एक कागद आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाकडून पालकांना येणारा एक फोन, इतक्याने बरेच काही साधेल. निकोल यांची परिचारिका घरोघर जाऊन जे करत होती, त्यातला मोठा भाग आजही इतक्या थोड्या खर्चात परत आणता येतो.